हाज्जा बतूलची संकष्टी

नाही, पण मी म्हणते, सांगायची गरज काय होती मला? गप्प बसता आलं नसतं? बावीस वर्षं मी संकष्टी करते, बावीस वर्षं! लग्न होऊन रियाधला आले त्या महिन्यापासून. आणि ह्या बावीस वर्षांत बाहेर कुण्णाला कळू दिलं नाही. पार्ट्या झाल्या, शर्विलच्या मित्रांचे वाढदिवस झाले, ह्यांच्या बँकेतल्या साहेबांकडे जेवणं झाली, मी आपली ताटातला भात इकडून तिकडे ढकलत "घेतलं हो, घेतेय हो" करत निभावून नेलं... आणि त्या शनिवारी, कुठे, तर अल खर्जच्या पुढे, डांबरी रस्ता संपल्यावर अकरा किलोमीटर आत, एका खजुराच्या मळ्यात, त्रेचाळीस सुदानी कुटुंबांच्या देखत मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मला उपवास आहे!" झालं! म्हणून तुम्हाला सांगते, हात जोडून सांगते, उपवास करावा... पण सांगू नये!

तुम्ही म्हणाल, तू तिथे तडमडलीस कशाला? अहो, घरात बसून करू काय? शर्विल सतरा वर्षांचा झाला, हाक मारली तर हेडफोन एका कानावरून सरकवून "व्हॉट, ममा?" म्हणतो आणि उत्तर ऐकायच्या आत परत सरकवतो. आमचे हे, कुमार, सकाळी सातला बँकेत जातात. आम्ही राहतो रियाधच्या ओलाया भागात, अकराव्या मजल्यावर, आणि खिडकीतून काय दिसतं? समोरचा टॉवर! त्या टॉवरमधल्या बाईला आमचा दिसत असेल. तर मी एका जमियात नाव घातलं. जमिया म्हणजे इथली सरकारमान्य सेवाभावी संस्था. इथे आपल्या मनाने उठून दानधर्म करता येत नाही बरं का, सगळं रीतसर, ॲपवर नोंदणी, इकामाचा, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याचा नंबर, फोटो, आणि मग एक निळं जाकीट मिळतं, पाठीवर अरबीत काहीतरी लिहिलेलं. काय लिहिलंय ते दोन वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही, पण ते अंगात चढलं की मला थांबवायची कुणाची टाप नाही.

तिथली कामं वाटून देते हफीजा, आपली रत्नागिरीची. आदल्या दिवशी तिचा फोन. "सरोजताई, उद्या मळ्यावर तुम्हीच जा. धान्याची त्रेचाळीस खोकी वाटायची, पोरांची वजनं घ्यायची, जवळच्या नंबरचे चष्मे द्यायचे. आणि एक ते म्हातारीचं काम... हाज्जा बतूल. तिला घेऊन यायचं, काही झालं तरी."

आता ही हाज्जा, म्हणजे हज करून आलेली, बतूल कोण, तर तिचा मुलगा इद्रीस ह्या मळ्यावर नऊ वर्षं कामाला आहे. तिकडे सुदानात लढाई पेटली तेव्हा त्याने आईला आणि बायकोला इकडे आणलं. दीड वर्ष झालं. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून पार दगड झालेले. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. आणि इथे आल्यावर इद्रीसला मुलगी झाली, हनान, आठ महिन्यांची. ह्या आजीने नातीला न्हाऊ घातलं, तेल लावलं, मांडीवर झोपवलं, पण तिचं तोंड... तोंड अजून पाहिलेलं नाही.

आणि अल खर्जच्या हॉस्पिटलात बाहेरून डोळ्यांचे मोठे सर्जन येणार होते, फुकट ऑपरेशनं, बारा माणसांची यादी. शनिवारी चारच्या आत माणूस समोर हजर पाहिजे. चारला यादी बंद. पुढचं शिबिर सहा महिन्यांनी.

"मग अडचण काय?" मी विचारलं.

"ताई, अडचण जेवण!" हफीजा म्हणाली. "ह्याच्याआधी दोन शिबिरं झाली. पहिल्यांदा आमच्या दोन पोरी गेल्या, हाज्जा म्हणाली पाहुणे जेवल्याशिवाय मी उंबरा ओलांडायची नाही. बसल्या जेवायला, उठल्या पाच वाजता. दुसऱ्यांदा एक डॉक्टरीणबाई गेल्या, त्या साडेपाचला उठल्या, आणि वर डबा घेऊन आल्या. म्हातारी आली नाही ती नाहीच. तुम्ही तिथे जेवायला बसायचं नाही. बसलात की खलास!"

मी फोन ठेवला, कॅलेंडर बघितलं, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. शनिवारी संकष्टी! म्हटलं, बाप्पा, काय योजना आहे तुझी! बाकीच्यांना नाही म्हणता येत नाही, मला नाही म्हणायला सोन्यासारखं कारण. अहो, मला वाटलं माझ्याएवढी हुशार बाई अख्ख्या सौदीत नाही! उपवास करावा, पण सांगू नये, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

सहाला निघालो. मी आणि ताजुद्दीनभाई. हे आमचे ड्रायव्हर, श्रीवर्धनचे, सव्वीस वर्षं सौदीत, अरबी असं बोलतात की अरबांनी वळून बघावं. मला अरबी येतं किती? यल्ला, खलास, शुक्रन, आणि भाजीवाल्याशी भांडण्यापुरते आकडे. म्हणजे दुभाषीही तेच. पण माणसाची एक खोड! मी दहा वाक्यं बोलले की हे दोन शब्दांत सांगणार, आणि समोरचा दहा मिनिटं बोलला की मला एका शब्दात सांगणार. मी म्हणते, "अहो ताजुद्दीनभाई, मधलं कुठे गेलं?" तर म्हणतात, "वहिनी, मधल्यात काय नव्हता."

पोचलो साडेआठला. आणि काय सांगू तुम्हाला, गाडी थांबायच्या आत बायका पोरांनी आम्हाला वेढलं. हे रंगीबेरंगी तोब, म्हणजे आपल्या साडीसारखंच अंगभर गुंडाळलेलं वस्त्र, मी तर बघतच राहिले! कॉफी आली. आल्याची कॉफी, बरं का, छोट्या मातीच्या सुरईतून, साखर अशी की चमचा उभा राहावा. कॉफी चालते आपल्याला उपवासाला. एक घेतली, दुसरी आली. दुसरी घेतली, तिसरी आली. मी म्हटलं, बास, यल्ला, काम!

आणि मग जी लागले ना मी कामाला! त्रेचाळीस खोकी, प्रत्येकावर अंगठा नाहीतर सही, मग पोरांची वजनं. आता पोरं काट्यावर उभी राहतील तर शपथ! एक उभं केलं की दुसरं त्याच्या पाठीला लटकतं, सहा वर्षांच्या पोराचं वजन एकेचाळीस किलो! मी ओरडतेय, "अरे उतर! ताजुद्दीनभाई, सांगा त्याला उतरायला!" ताजुद्दीनभाई कोपऱ्यात चौथी कॉफी पितायत. मग चष्मे. एका आजोबांनी सहा चष्मे लावून पाहिले, सहाही नापास केले, आणि सातवा म्हणून माझ्याच नाकावरचा काढून लावला, मान डोलावली, आणि निघाले की हो! त्यांच्यामागे खजुरांतून पळत जाऊन तो मी परत आणला. उन्हातान्हात. उपाशीपोटी. पण साडेबारा वाजता माझी सगळी कामं खलास! कागदावर एकच ओळ उरली, हाज्जा बतूल. निघायचं अडीचला. दोन तास हातात! मी म्हटलं, सरोज, मैदान मारलंस.

गेले तिच्या खोलीवर. मळ्याच्या कडेला सिमेंटच्या खोल्यांची रांग, तिच्यातली शेवटची. दारात बाजेवर बसलेली, सडसडीत, ताठ, पांढरा तोब, गालांवर जुन्या पद्धतीच्या तीन-तीन रेघा. पायांचा आवाज ऐकून माझ्याकडे तोंड केलं, हात पुढे केले, माझा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, हनुवटी, आणि म्हणाली, "या बित्ती!" ताजुद्दीनभाई म्हणाले, "लेक बोलली तुम्हाला." माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली हो...

पण मी डळमळले नाही! म्हटलं, "ताजुद्दीनभाई, सांगा, गाडी तयार आहे." तेवढ्यात मागून आवाज, बँ! वळून बघते तर इद्रीस एका मेंढ्याला शिंगांना धरून ओढत आणतोय. "हे काय?" तर म्हणे, "तुमच्यासाठी कापतायत." माझ्यासाठी! मेंढा! मेंढ्याने माझ्याकडे बघितलं, मी मेंढ्याकडे बघितलं, दोघांचाही जीव घड्याळात अडकलेला. मेंढा कापणार कधी, शिजणार कधी, वाढणार कधी? पाच वाजता! आणि मग, आता नीट ऐका, मग मी माझा हुकमी पत्ता काढला. छाती पुढे काढून म्हणाले, "त्यांना सांगा, मनापासून आभार, पण आज मला उपवास आहे. आमच्या गणपतीचा असतो, महिन्यातून एकदा येतो, मी बावीस वर्षं करते, दिवसभर जेवत नाही, त्यामुळे त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, आणि आपण लगेच निघू."

ताजुद्दीनभाईंनी ह्याचं भाषांतर केलं. एका शब्दात. "सायमा." म्हणजे रोजा धरलेली!

आणि एकदम जो गलका उठला! बायका धावत सुटल्या, कुणी चूल पेटवतंय, कुणी परात काढतंय, कुणी पोरांना दामटतंय, इद्रीसने एकाचे दोन मेंढे केले, आणि हाज्जा माझे दोन्ही हात धरून बोलतेय, बोलतेय, बोलतेय, पाच मिनिटं! मी म्हटलं, "काय म्हणतायत?"

"खूश झाली."

"खूश झाल्या ना? मग चला!"

"नाय वहिनी. खूश झाली म्हनून तर येनार नाय."

"म्हणजे?"

"वहिनी, तुमी काय करून बसला! आमच्यात रोजेदाराचा रोजा सोडवला की त्याच्याइतकाच सवाब... पुन्य, पुन्य! घरबसल्या दारात रोजेदार आला, सोडते काय ती? बोलते, मगरीबची बांग होईल, हिला माझ्या हाताने इफ्तार देईन, मग डॉक्टरकडे काय, कुठे पन नेवा."

मगरीब! म्हणजे सूर्यास्त! यादी चारला बंद! मी घाबरून म्हटलं, "अहो सांगा त्यांना, आमचा उपवास सूर्यास्ताला सुटत नाही!" "मग कधी सुटतो?" "चंद्र उगवल्यावर!" हे त्यांनी सांगितलं, आणि तुम्हाला सांगते, अख्ख्या अंगणाने 'आ' केला. चंद्र उगवल्यावर? आज कधी उगवणार? म्हटलं, आठ वाजून बारा मिनिटांनी. हाज्जाने कपाळाला हात लावला. म्हणाली, बिचारी, एवढा कडक रोजा! मग तर हिला रात्रीपर्यंत इथून हलू द्यायचं नाही!

बघितलंत? मी सूर्यास्ताचे चार तास वाचवायला गेले आणि चंद्रोदयाचे सात घेऊन बसले! उपवास करावा... पण सांगू नये हो!

एक वाजला. मग मी मनाचा धोंडा केला. बावीस वर्षांत एक चतुर्थी मोडली तर बाप्पा काय खातोय मला? म्हटलं, "सांगा, मी आत्ता उपवास मोडते, आणा काय असेल ते, चार घास खाते आणि निघू." हे ऐकून हाज्जा उभीच राहिली! "अस्तग़फिरुल्लाह!" माझ्यासाठी तू रोजा मोडायचा? ते पाप माझ्या डोक्यावर? असले डोळे मला नकोत!

दीड वाजला. आता मात्र माझा आवाज चढला. म्हटलं, "ताजुद्दीनभाई, तिला विचारा, नातीचं तोंड बघायचंय की नाही? पाहुण्याला जेवायला घालणं महत्त्वाचं की डोळे?" आणि त्या दिवशी पहिल्यांदा, पहिल्यांदाच, ताजुद्दीनभाईंनी सगळंच्या सगळं भाषांतर केलं. माझंही, आणि तिचंही.

ती हळू आवाजात म्हणाली, "लेकी, माझं घर होतं. त्या घराला दार होतं, पण ते कधी लावलेलं मला आठवत नाही. वाटेने जाणारा माणूस जेवूनच पुढे जायचा. लढाईत ते घर गेलं, गाव गेलं, मी एक बोचकं घेऊन आले. इथे मी मुलाचं खाते, आणि तुमच्या खोक्यातलं खाते. दीड वर्ष सगळे मला देतायत. मी दिलं ते दोनदा आलेल्या पाहुण्यांना जेवण, तेही पोटं भरलेल्यांना. आज अल्लाहने पहिल्यांदा माझ्या दारात उपाशी माणूस पाठवलं, आणि तू म्हणतेस, तशीच गाडीत बस?"

माझ्या अंगात ते निळं जाकीट, हातात यादी, त्रेचाळीस खोकी वाटून मी मिरवत होते... मी तिथेच बाजेवर बसले. डोळे पुसले. जाकिटालाच पुसले.

पण बसून राहील ती सरोज कसली! मी बार्शीची आहे! म्हटलं, हिला द्यायचंय, आणि मला हिला न्यायचंय, ह्यातून वाट निघालीच पाहिजे. आणि एकदम डोक्यात उजेड पडला. अहो, आपला उपवास! आपल्या उपवासाला काय काय चालतं! दुप्पट खाशी ना आपली एकादशी? म्हटलं, "ताजुद्दीनभाई, सांगा, आमच्या उपवासात मधे खाता येतं! उपवास न मोडता!"

हाज्जाने डोळे बारीक केले. खाता येतं? मग तो रोजा कसला?

"बटाटा चालतो," मी म्हटलं.

बटाटा चालतो? मग कांदा?

"कांदा नाही."

भाकरी?

"भाकरी नाही. शेंगदाणे चालतात."

शेंगदाणे म्हटल्यावर अंगणात कुजबुज! कारण अरबीत शेंगदाण्याला म्हणतातच मुळी फूल सुदानी, सुदानचा दाणा! त्यांच्या घरोघरी दाण्याचा कूट. हाज्जाची मान ताठ झाली. पण वकिली चालूच. चणे? चणे नाही. रताळं? रताळं चालतं. वांगं? वांगं नाही. मिरची? मिरची चालते. हळद? हळद नाही. खजूर, दूध? पळतं! टोमॅटो? आता टोमॅटोचं मला तरी कुठे ठाऊक होतं, आमच्या सासूबाईंना चालत नाही आणि आईला चालायचा! म्हातारीने शेवटी विचारलं, "ही यादी केली कुणी?" मी म्हटलं, "सांगा तिला, बावीस वर्षं मी हेच विचारतेय!" आणि हाज्जा जी हसली! अशी हसली की बाज करकरली.

दोन वाजले. आणि मग तिने कामाला हात घातला. दिसत नाही, पण बटाटे काय सोलले, मिरची काय चिरली, कूट मुठीने मोजून काय टाकला! सून कांदा घेऊन आली तर मी ओरडायच्या आत हाज्जाच ओरडली, "ला, ला! कांदा नाही!" माझ्या उपवासाचा सोवळेपणा तिला माझ्यापेक्षा जास्त! वीस मिनिटांत परात पुढे. एक घास घेतला आणि... काय सांगू? ही आपली उपवासाची बटाट्याची भाजी! बार्शीची! माझ्या आईची! तेलात दाण्याचा कूट सुटलेला, मिरचीचा ठसका. मी खाल्ली, हाज्जा माझ्या तोंडाकडे कान लावून बसली होती, चावल्याचा आवाज ऐकत. मग म्हणाली, आता ठीक. यल्ला.

मी उडीच मारली. अडीचला पाच कमी! बसा गाडीत! तर थांबा म्हणे. ही तर नुसती मधली न्याहारी. इफ्तार वेगळा! ज्वारीची असीदा, म्हणजे आपण उकड घोटतो ना तशी, आणि वर भेंडीचं कालवण, ते चुलीवर होतं. मेंढ्याचं मी हातापाया पडून रद्द करून घेतलं. पण तो पितळी डेग उतरेपर्यंत तीन वाजले! आणि हाज्जा गाडीत बसली ती तो डेग मांडीवर घेऊन, शेजारी इद्रीस. म्हणाली, चंद्र कुठेही उगवू दे, इफ्तार माझ्याच हातचा.

ताजुद्दीनभाईंनी गाडी अशी हाणली की मी बाप्पाला दुसरी संकष्टी बोलले! वाटेत उंट आडवे. कुणाचे उंट? माहीत नाही. घाई आहे का त्यांना? नाही! मी खाली उतरून ते निळं जाकीट फडकावलं, तर तो पुढारी उंट जाकिटाचा वास घेत बसला. शेवटी हाज्जाने काच खाली करून कसली तरी आरोळी दिली आणि सगळे उंट मुकाट बाजूला! न बघता!

तीन बावन्न. हॉस्पिटलचं दार. आणि दारात गार्ड. "अन्न आत न्यायचं नाही." हाज्जा म्हणाली, डेग नाही तर मी नाही. तीन चौपन्न! मी म्हटलं, "हाज्जा, द्या माझ्याकडे, मी सांभाळते." नाही! तू चंद्राच्या आधी खाशील! नाहीतर चंद्रानंतर न खाताच निघून जाशील! शपथ घे. मी म्हटलं, "गणपतीची शपथ, चंद्र उगवल्यावर, तुमच्यासमोर, तुमच्याच हातचं खाईन." ताजुद्दीनभाई म्हणाले, "वल्लाही." तीन छप्पन्न! डेग माझ्या हातात, हाज्जा व्हीलचेअरवर, ती ढकलत इद्रीस धावतोय, आणि नावनोंदणीच्या टेबलावरच्या सौदी मुलीने घड्याळ बघितलं, हाज्जाकडे बघितलं, हसली, आणि नाव लिहिलं. बारावं!

मी पार्किंगमधल्या दगडावर बसले आणि डेगला मिठी मारून रडले. कडकडीत भूक लागलेली, डेगमधून ज्वारीचा वास येतोय, आणि खायची चोरी! ह्यांचा फोन, "अगं, येतेस ना? मोदक उकडून ठेवलेत तू, मी कधी खायचे?" शर्विलचा फोन, "ममा, जस्ट ईट ना, नोबडी इज वॉचिंग." मी म्हटलं, "बाळा, जिला दिसत नाही ना, ती वॉचिंग आहे!"

आठ वाजले. मी तर धरूनच चालले होते, म्हातारी आत दमून झोपली असेल. तर नाही! नर्सबरोबर भांडून बाहेर आली. मोकळं आकाश, माळाच्या कडेला पिवळा उजेड. हाज्जाने विचारलं, "आला का?" मी म्हटलं, "आला." म्हणाली, "कसा आहे?" आता कसा सांगू? म्हटलं, "भाकरी एका बाजूने कुणी तोडून खाल्लीय, तसा." ती थोडा वेळ तिकडे तोंड करून बसली, जिकडे चंद्र होता तिकडे नव्हे, जरा डावीकडे. मग पहिला घास स्वतःच्या हाताने माझ्या तोंडाशी आणला. तो लागला गालाला. मी गाल वळवून तो घास खाल्ला. आणि म्हणाली, "पुढच्या चतुर्थीला तू विचार, मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली. दुसरा नंतर. इद्रीसने हनानला पुढे धरलं. ताजुद्दीनभाई तिथेच होते, मी फोनवर ओरडतेय, "काय म्हणाली? सगळं सांगा हं, मधलं गाळू नका!" तर म्हणाले, "वहिनी, काय बोलली नाय. पाव तास नुस्ती बघत होती. मग बोलली, नाक माझा हाय." आणि फोनवरच नाक शिंकरलं. सव्वीस वर्षं सौदीत घासलेला माणूस...

गोष्ट इथे संपली असती तर मी कशाला तक्रार करत बसले असते?

पुढची संकष्टी आली. ओलायात माझ्या खिडकीत चंद्र कधी दिसतो, माहिताय? समोरच्या टॉवरच्या वर आला की, म्हणजे दहाला! आम्ही कॅलेंडर बघून जेवणारी माणसं. तर आठच्या सुमारास फोन. व्हिडिओ. हाज्जा बतूल, मळ्याच्या मोकळ्या माळावर उभी, आणि दुभाषी म्हणून ताजुद्दीनभाईही फोनवर जोडलेले. "या बित्ती! चंद्र आला! मोठा आहे! लाल आहे! वरच्या बाजूला खाल्लेला आहे! आता जेव!" ज्या बाईला माझं नाक चाचपावं लागलं, ती बाई माझ्या आधी चंद्र बघते, दर महिन्याला! मी पहिल्यांदा ते ऐकलं आणि ताटावर बसून ढसाढसा रडले. कबूल करते.

पण फोन ठेवत नाही हो ती! ताट दाखव. हे काय पांढरं? मोदक? अजून एक घे. रिकामं ताट दाखव. तुझा नवरा दाखव. तो का बारीक? आणि मागे कोण उभं, तर सगळी वस्ती! मी विचारलं, "ह्या सगळ्या रात्रीच्या बाहेर काय करतायत?" तर ताजुद्दीनभाईंनी चौकशी करून सांगितलं, "वहिनी, त्या दिवशी त्या पन चंद्र निघेपर्यंत जेवत नाय. बोलतात, आमची लेक तिकडे उपाशी, मग आमी कशे खाऊ?"

आता परवा मी डॉक्टरांकडे गेले. साखर वाढलीय. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हे उपवास आजपासून बंद." ह्यांनी लगेच मान डोलावली, शर्विल म्हणाला, "फायनली!" मीही म्हटलं, बावीस वर्षं झाली, बाप्पा समजून घेईल, त्याचं काही नाही. मग डॉक्टरांना म्हटलं, "माझा सोडते हो मी... पण त्रेचाळीस घरांचा उपवास कसा सोडू?"

म्हणून सांगते. करावा. पण सांगू नये. आणि ते घड्याळ बघा जरा, आठ वाजत आले, तिचा फोन येईल. आज चतुर्थी आहे.